पुन्हा लागणारा खेळ

एखादे पुस्तक मनाला भिडले की आपण ते पुन्हा वाचतो. ग्रंथालयात जाऊन मागितले तर ग्रंथपाल ते कपाटातून काढून देतात. पन्नास वर्षांपूर्वीचे असले तरी ते पुस्तक 'जुने झाले' म्हणून कोणी परत पाठवत नाही. चित्रपटाच्या नशिबी मात्र हे भाग्य क्वचितच येते. तो शुक्रवारी लागतो, चालला तर काही आठवडे राहतो, न चालला तर पुढच्या शुक्रवारी उतरतो. उतरला की बहुतेक प्रेक्षकांच्या दृष्टीने तो संपला. एका आठवड्याच्या गल्ल्यावर एखाद्या कलाकृतीचे आयुष्य ठरावे, ही गोष्ट इतर कोणत्याही कलेत आपण सहन केली नसती.

या अन्यायावर जगभर जो उपाय शोधला गेला, त्याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. इंग्रजीत त्याला रेपर्टरी म्हणतात. एखादे चित्रगृह किंवा मंडळ नव्या चित्रपटांमागे न धावता जुन्या-नव्या, देशी-परदेशी चित्रपटांतून काही निवडते, त्यांचा क्रम लावते आणि आज एक, उद्या दुसरा, महिन्याने पुन्हा पहिला, असे खेळ लावते. अशा खेळांत पुष्कळदा कलात्मक किंवा समांतर म्हणून ओळखले जाणारे चित्रपट असतात. कारण नेहमीच्या व्यवहारात सर्वांत आधी उतरतात ते हेच.

शब्द परका असला तरी कल्पना आपल्याला परकी नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून संगीत नाटक मंडळ्या हेच करीत आल्या. मंडळी गावात येई ती एक नाटक घेऊन नव्हे, तर नाटकांचा संच घेऊन. आज 'सौभद्र', उद्या 'मृच्छकटिक', परवा 'मानापमान'. कथा सर्वांना पाठ असे. तरी लोक येत. कारण प्रश्न 'पुढे काय होणार' हा नसून 'आज ते कसे होणार' हा असे. ज्या प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो तो गोष्टीच्या मागे फरफटत जात नाही. त्याचे लक्ष मोकळे होते आणि ते कलेकडे वळते. पुन्हा पाहण्याचे सारे मर्म यात आहे.

तंबूतला प्रेक्षक

सातारा-सांगली भागाला चित्रपटाचे वेड लावले ते तंबूंनी. जत्रा आली की देवळाच्या आसपास टुरिंग टॉकीजचे तंबू पडत. मालमोटारीत यंत्र, कापडाचा पडदा, भोंगे आणि चित्रपटाचे डबे. माणसे जमिनीवर बसून चित्रपट पाहत. या फिरत्या चित्रगृहांचे जग यंत्राकडून संगणकाकडे कसे गेले आणि मोडकळीस कसे आले, याचे दर्शन शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या महाराष्ट्रात चित्रित झालेल्या माहितीपटात घडते. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तेथे त्याची विशेष दखल घेतली गेली.

तंबूत जुने चित्रपट पुन्हा पुन्हा लागत, या अर्थाने तंबूही एक प्रकारची रेपर्टरीच होती. पण तेथे निवड होती ती गल्ल्याची. जे खात्रीने चालेल तेच येई. त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. आपल्याकडे चित्रपट मनापासून पाहणारा प्रेक्षक होता आणि त्याच्याच जगण्यावर बेतलेले गंभीर चित्रपटही निर्माण होत होते. परंतु या दोघांची भेट फारच थोड्या वेळा झाली.

'सामना'चेच उदाहरण घ्या. विजय तेंडुलकरांचे लेखन, डॉ. जब्बार पटेल यांचे पहिले चित्रपट-दिग्दर्शन आणि रामदास फुटाणे यांची निर्मिती. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारे हिंदुराव आणि कोठून तरी भरकटत आलेले, दारूच्या आहारी गेलेले मास्तर; निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. मारुती कांबळेचे काय झाले, या मास्तरांच्या एका प्रश्नाने हिंदुरावांची सारी सत्ता हादरते. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. उसाचे मळे, सोसायटीचे राजकारण आणि पुढाऱ्याची जीप हे सारे आपल्या दाराशी असताना, हा चित्रपट पाहून त्यावर वाद घालण्याचा हक्क बर्लिनच्या प्रेक्षकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आपला होता. चित्रपट बर्लिनला पोहोचणे हा गौरव आहे. तो आपल्या वर्गात, आपल्या चावडीवर चर्चिला न जाणे ही उणीव आहे.

चित्रपट मंडळांची चळवळ

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न फिल्म सोसायट्यांनी केला. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात अशी सोसायटी काढली. १९५२ साली मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' येथील प्रेक्षकांनी पाहिला. नट नसलेली माणसे, खरे रस्ते आणि चोरीला गेलेली एक सायकल एवढ्यावर चित्रपट उभा राहू शकतो, हे पाहून अनेकांचे डोळे उघडले. रायनी तो त्याआधीच, १९५० साली लंडनमध्ये पाहिला होता. १९५५ च्या 'पथेर पांचाली'च्या जन्मकथेत त्या अनुभवाचा वाटा मोठा आहे. एका माणसाने योग्य वेळी योग्य चित्रपट पाहिल्याने काय घडू शकते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१९५९ साली देशातील सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. मराठी मुलखात १९६८ साली मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' सुरू झाले. सुधीर नांदगावकरांसारख्या कार्यकर्त्यांनी चित्रपट दाखवण्याबरोबरच त्यावर मराठीत लिहिणे आणि बोलणे हेही मंडळाचे काम मानले. पुण्यात 'आशय' उभे राहिले. कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या नावाने सोसायटी निघाली. सभासदांनी वर्षाची वर्गणी भरायची, मंडळाने वकिलातींच्या सांस्कृतिक विभागांकडून आणि चित्रपट संग्रहालयाकडून चित्रपट मिळवायचे, एखादे सभागृह काही तासांसाठी घ्यायचे आणि खेळानंतर चर्चा करायची, अशी साधारण पद्धत. नफा नाही, म्हणूनच निवडीचे स्वातंत्र्य.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. त्याची स्थापना १९६४ ची. भारतात तेराशेंहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांतले आज तिसाच्या आसपासच उरले आहेत, तेही बरेचसे तुकड्यांच्या रूपात. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई आणि पडून राहिली तर कुजून जाई. अनेक निर्मात्यांनी तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही ती विकली. अशा काळात पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले आणि फाळक्यांच्या मूकपटांचे उरलेले भाग जपले. नायर १९९१ साली निवृत्त झाले आणि २०१६ साली वारले. तरीही हा ठेवा सुरक्षित झाला असे नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेटची कितीतरी रिळे भस्मसात झाली. २०२२ साली संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. चित्रपटांचे संगणकीय जतन आणि पुनरुज्जीवन हे काम आता त्या छत्राखाली चालते.

नायर यांचे वैशिष्ट्य असे की, जपणे आणि दाखवणे या त्यांच्या लेखी एकाच कामाच्या दोन बाजू होत्या. कपाटात बंद असलेला चित्रपट म्हणजे न उघडलेले पत्र. ते पोहोचवायचे तर ते हलके हवे, आणि येथे तंत्राचा एक साधा हिशेब उपयोगी पडतो. चित्रगृहातली ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे १०,८०० फूट फिल्म लागते. पाच-सहा मोठी, जड रिळे. तोच चित्रपट १६ मिलिमीटरवर उतरवला तर मिनिटाला ३६ फूट पुरतात. एकूण सुमारे ४,३२० फूट, आणि रुंदीही निम्म्याहून कमी. तो एका पेटीत मावतो. यंत्रही असे की दोघे जण उचलून वर्गात नेऊन ठेवतील. संग्रहालयाने १६ मिलिमीटरच्या प्रतींचा वेगळा संग्रह केला आणि त्या सोसायट्यांना व महाविद्यालयांना दिल्या. ज्या गावात चित्रगृह नाही तेथेही जगातला उत्तम चित्रपट जाऊ शकतो, हे या हिशेबाने शक्य केले.

हेग्गोडूचा धडा

याचा सर्वांत मोठा पुरावा महाराष्ट्राबाहेरचा, पण आपल्या शेजारचा आहे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे लहानसे खेडे आहे. सुपारीच्या बागांचा हा मुलूख. १९४९ साली तेथे 'नीनासम' ही हौशी नाट्यसंस्था निघाली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९७३ च्या सुमारास तिला चित्रपट मंडळाची जोड दिली. नायर आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवणारे प्रा. सतीश बहादूर हे दोघे तेथे जाऊ लागले. शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी यांच्यासमोर राय, कुरोसावा, डी सिका यांचे चित्रपट लागले आणि रसास्वादाचे वर्ग भरले. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हेग्गोडूने एक गैरसमज कायमचा खोडून काढला. 'हे चित्रपट शहरी, शिकलेल्या लोकांसाठी. खेड्यातल्या माणसाला ते कळायचे नाहीत' असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक 'पथेर पांचाली'तली म्हातारी आत्या, पावसात गळणारे घर, घर सोडून पोटामागे गेलेला बाप हे समजायला पदवी लागत नाही. दुष्काळात मुंबईची वाट धरणाऱ्या आपल्या माणदेशी माणसाला तो चित्रपट पुण्या-मुंबईच्या समीक्षकापेक्षा कदाचित जवळचा वाटेल.

याउलट मोठ्या शहरातही हे काम सोपे नसते. मुंबईत लोअर परळच्या गिरणगावातल्या जुन्या दीपक टॉकीजमध्ये २०१४ साली 'मॅटरडेन' या नावाने जगातले अभिजात चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला. रसिकांनी त्याचे कौतुक केले. पण काही वर्षांतच तो थांबला. मोक्याची जागा, वीज, कर आणि नोकरांचे पगार यांचा भार निवडक प्रेक्षकांच्या तिकिटांवर पेलणे अवघड असते. लहान गावाची अडचण वेगळी असते, तशी त्याची सोयही वेगळी असते. आपल्याकडे जागा आहे, संध्याकाळ मोकळी आहे आणि माणसे एकमेकांना ओळखतात. सिनेमा संपल्यावर बोलत उभे राहायला यापेक्षा अधिक काय लागते?

निवड म्हणजे काय?

आता कोणी म्हणेल, 'एवढा खटाटोप कशाला? हवा तो चित्रपट आज मोबाइलवर दिसतो.' आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. चित्रपट मिळणे ही पूर्वीची अडचण होती. आज ती बरीच दूर झाली आहे. आजची अडचण निवडीची आहे. मोबाइलवरचे यंत्र आपण काल जे पाहिले त्यासारखेच आज पुढे करते. ते आपल्या आवडीला खतपाणी घालते, तिला आव्हान देत नाही. चांगला कार्यक्रम आखणारा माणूस याच्या उलट करतो. आपल्याला ठाऊक असलेल्या चित्रपटाशेजारी तो ठाऊक नसलेला चित्रपट ठेवतो आणि मग ठाऊक असलेलाही नवा दिसू लागतो.

'पिंजरा' घ्या. व्ही. शांताराम यांचा १९७२ चा हा चित्रपट आपल्याकडच्या आबालवृद्धांना ठाऊक आहे. त्याच्या शेजारी १९३० चा जर्मन चित्रपट 'द ब्ल्यू एंजल' ठेवून पाहा. दोन्हींचे मूळ एकच, हाइनरिश मान यांची कादंबरी. दोन्हींत एक करारी शिक्षक नाचणाऱ्या स्त्रीच्या मोहात सापडतो, फडाबरोबर फिरतो आणि स्वतःच्या प्रतिष्ठेचे धिंडवडे पाहतो. पण जर्मन चित्रपट एका माणसाच्या पतनाशी थांबतो. 'पिंजरा' त्याच्या पुढे जातो. तेथे गाव समजते की आपल्या मास्तरांचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारते, आणि जिवंत मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगतात. माणूस नसला तरी चालेल, पण पुतळा हवा, असे हे गाव. हा भाग मूळ कथेतला नाही. तो आपल्या मातीतला आहे. 'पिंजरा' एकटा पाहिला तर तमाशा, लावण्या आणि मोहाची कथा एवढेच लक्षात राहते. दोन्ही ओळीने पाहिले की पुतळ्याचा प्रश्न समोर येऊन उभा राहतो. निवड म्हणजे हेच. दोन चित्रपट शेजारी ठेवल्याने तिसरा विचार जन्माला येतो.

अशा जोड्या कितीतरी लावता येतील. 'बायसिकल थीव्ह्ज'शेजारी बिमल रॉय यांचा १९५३ चा 'दो बिघा जमीन'. 'सामना'शेजारी १९७९ चा 'सिंहासन', म्हणजे गावची सत्ता आणि मंत्रालयाची सत्ता. दामले-फत्तेलालांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'शेजारी 'पथेर पांचाली', म्हणजे संसाराचा गाडा ओढणाऱ्या दोन स्त्रिया, आवली आणि सर्वजया. 'संत तुकाराम' आपण भक्तिपट म्हणून पाहत आलो. या जोडीत तो एका उपाशी घराचा चित्रपट म्हणूनही दिसेल.

दुसरा आक्षेप कंटाळ्याचा. कलात्मक चित्रपट संथ असतात, हे काही अंशी खरेच आहे, आणि केवळ संथ आहे म्हणून तो थोर ठरत नाही. काही चित्रपट फसलेले असतात. ते फसले असे म्हणण्याची मोकळीक चर्चेत असलीच पाहिजे. परंतु ख्याल ऐकतानाही पहिल्या विलंबित आवर्तनांत नवखा श्रोता चुळबुळतो. कान तयार झाला की तोच विस्तार हवासा वाटतो. डोळाही असाच तयार होतो. मात्र तो एका खेळात होत नाही. म्हणून खेळ सुटा नको, मालिका हवी.

तिसरी अडचण भाषेची. परदेशी चित्रपटाखाली इंग्रजी ओळी येतात आणि त्या वाचेपर्यंत चित्र निघून जाते. यावर उपाय साधा आहे. खेळाआधी दहा मिनिटे मराठीत कथानक आणि पार्श्वभूमी सांगावी, आणि एका पानाचे टिपण हाती द्यावे. गोष्ट आधी कळल्याने रस जातो ही भीती नाटक मंडळ्यांच्या प्रेक्षकाने केव्हाच खोटी ठरवली आहे.

रहिमतपुरात काय करता येईल?

पुणे-मिरज लोहमार्गावरच्या आपल्या रहिमतपूरचे कलेशी नाते नवे नाही. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म येथेच झाला. त्यांच्या 'अश्रूंची झाली फुले' या नाटकावरून १९६९ साली 'आँसू बन गये फूल' हा हिंदी चित्रपट निघाला. एका प्राध्यापकावरचे हे नाटक मराठी रंगमंचावरून हिंदी पडद्यावर जाताना काय राहिले आणि काय गळले, हा मराठीच्या वर्गाला साजेसा विषय आहे. आपल्या गावच्या लेखकापासून मालिकेचा आरंभ करणे हे औचित्याचेही ठरेल.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. घरी पाहण्यासाठी घेतलेला चित्रपट चौकात जाहीरपणे दाखवता येत नाही. त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शिक्षणसंस्थांना एक सवलत दिली आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून आणि विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी निगडित व्यक्ती एवढ्याच प्रेक्षकांपुरता चित्रपट दाखवता येतो. म्हणजे महाविद्यालयाचे सभागृह ही या कामाला सर्वांत योग्य जागा आहे. पालक येऊ शकतात ही त्यातली मोलाची गोष्ट. ज्यांनी तंबूत बसून 'पिंजरा' पाहिला ते आजी-आजोबा आणि ज्यांनी तो मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी पाहिला ती नातवंडे एका सभागृहात बसली, तर चर्चेला वक्ता बाहेरून बोलवावा लागणार नाही.

साधने थोडी लागतात. एक प्रक्षेपक, एक पांढरी भिंत किंवा पडदा, खिडक्यांना लावायला जाड कापड आणि बऱ्यापैकी ध्वनिक्षेपक. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दर महिन्याचा एक ठरलेला वार, आणि तो न मोडण्याचा निश्चय. पहिल्या खेळाला सभागृह भरेल, दुसऱ्याला अर्धे रिकामे राहील, तिसऱ्याला वीस माणसे येतील. बहुतेक मंडळे तिसऱ्या खेळालाच बंद पडतात. जी चौथा खेळ लावतात ती टिकतात. कारण ती वीस माणसे पुढच्या वेळी आपापला एक सोबती घेऊन येतात.

वर्षाचे सहा खेळ धरून एक आराखडा येथे सुचवतो: 'संत तुकाराम', 'पथेर पांचाली', 'द ब्ल्यू एंजल', 'पिंजरा', 'बायसिकल थीव्ह्ज' आणि 'सामना'. भाषा चार, काळ सुमारे पंचेचाळीस वर्षांचा. शेवटी 'सामना' अशासाठी की, तोवर प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागलेली असेल. मास्तरांचा तो प्रश्न पडद्यावरून सभागृहात उतरला आणि कोणी उठून आपल्या गावाविषयी दोन शब्द बोलले, तर त्या संध्याकाळचा खेळ सत्कारणी लागला असे समजावे.